छायाचित्रातील विमान ओळखताना

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी व पालक यांच्या घरांतील जुनी छायाचित्रे मागवावीत असे ठरले, तेव्हा आमची अपेक्षा माफक होती. स्नेहसंमेलने, सहली, वसतिगृहाच्या पंगती, फार तर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्यास गेलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यांचे चित्र मिळेल, असे वाटले होते. तशी छायाचित्रे आलीही. त्यांच्यातच पोस्टकार्डाएवढे, कोपरे झिजलेले एक छायाचित्र होते. तीन जवान जाड स्वेटर घालून उभे आहेत, मागे एक मोडके विमान आहे आणि विमानाच्या अंगावर ठळक काळा क्रूस आहे. पाठीमागे पेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेले आहेत : ‘हे विमान पाडले.’

छायाचित्र आणणारे आमचे माजी विद्यार्थी आता पन्नाशीचे आहेत. मधला जवान म्हणजे त्यांचे आजोबा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते की, आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते आणि त्यांनी जर्मनांचे विमान पाडले. त्याच मजकुरासह चित्र छापावे, अशी त्यांची इच्छा होती. छापणे सोपे होते. परंतु एकदा छापलेला मजकूर पुढे पुरावा म्हणून वापरला जातो, आणि ज्या समाजाचा लष्करी इतिहास मुळातच अपुरा लिहिला गेला आहे, त्याने तर आपल्या पुराव्यांबाबत अधिकच काटेकोर राहिले पाहिजे. म्हणून आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी भिंग व संगणक घेऊन त्या विमानाच्या मागे लागलो. विमान कोणते, ते तेथे कसे आले, आणि त्यावरून त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाबद्दल काय सांगता येते, याचा हा वृत्तान्त आहे. ज्यांच्या घरी अशी चित्रे असतील, त्यांना तो उपयोगी पडावा.

आरंभ चिन्हांपासून करावा. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानाच्या पंखांवर आणि धडाच्या दोन्ही बाजूंस सरळ रेषांचा काळा क्रूस असे व त्याला पांढरी किनार असे. शेपटीच्या उभ्या पंख्यावर कोनावर तिरपे उभे केलेले काळे स्वस्तिक असे. हे चिन्ह पाहून आमच्या सातवीच्या मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे आपल्याकडचे चिन्ह तिकडे कसे? प्रश्न रास्त आहे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांपाशी हे चिन्ह कोरलेले आहे आणि त्याला दोन हजार वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. हिटलरच्या पक्षाने ते विसाव्या शतकात उचलले आणि त्याला वंशद्वेषाचा अर्थ चिकटवला. विमान ओळखण्यापुरती गोष्ट एवढीच की, नुसते स्वस्तिक दिसले म्हणून विमान जर्मन ठरत नाही. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ पासून पांढऱ्या वर्तुळात निळे, सरळ उभे स्वस्तिक वापरले, आणि त्या देशाकडे जर्मन बनावटीची विमानेही होती. तिरपे की सरळ, शेपटीवर की पंखावर, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आमच्या छायाचित्रात शेपटीवर स्वस्तिक नाहीच. त्याच्या जागी चौकोनी भोक आहे. प्रथम आम्ही ते गोळ्याचे भोक समजलो. पण त्याच्या कडा इतक्या सरळ आहेत की ते कोणीतरी पत्रा कापून काढलेले असावे, हे भिंगाखाली स्पष्ट दिसले. सोडलेल्या किंवा पडलेल्या शत्रूच्या विमानाचे स्वस्तिक आठवण म्हणून कापून नेण्याची चाल दोस्त सैन्यात सर्वत्र होती. म्हणजे आपले तिघे जवान विमानापाशी पोचण्यापूर्वी दुसरे कोणीतरी तेथे येऊन गेले होते. पेन्सिलीतल्या त्या तीन शब्दांबद्दल पहिली शंका येथे आली.

क्रूसाच्या शेजारची अक्षरे व आकडे फार बोलके असतात. बाँबफेकी, टेहळणीच्या आणि वाहतुकीच्या जर्मन विमानांवर क्रूसाच्या एका बाजूस दोन व दुसऱ्या बाजूस दोन अशी चार चिन्हे असत. पहिल्या दोहोंवरून तुकडी कळते. ‘टी ६’ हे दुसऱ्या स्टुका दलाचे, तर ‘एल १’ हे भूमध्य समुद्रावर बराच काळ लढलेल्या एका बाँबर दलाचे चिन्ह. तिसरे अक्षर त्या विशिष्ट विमानाचे आणि चौथे पोटतुकडीचे. मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाही विमानावर चार अक्षरांचा तात्पुरता बिनतारी संकेत रंगविलेला असे, आणि नवखा अभ्यासक त्यालाच तुकडीचे चिन्ह समजून बसतो. लढाऊ विमानांची रीत निराळी होती. त्यांच्यावर नुसता एक आकडा असे. आकड्याचा रंग पोटतुकडी सांगे : पहिल्या, चौथ्या व सातव्या तुकडीचा पांढरा, दुसऱ्या, पाचव्या व आठव्या तुकडीचा लाल किंवा काळा, तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तुकडीचा पिवळा.

आमच्या विमानावर क्रूसापुढे एकच आकडा आहे, म्हणून ते लढाऊ विमान. येथवर ठीक होते. परंतु त्या आकड्याचा रंग कोणता, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. कृष्णधवल चित्रातला करडा रंग फसवा असतो. त्या काळी दोन प्रकारची फिल्म वापरात होती. एका प्रकारच्या फिल्मला तांबडा प्रकाश ‘दिसत’च नसे, त्यामुळे तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे, पिवळाही अपेक्षेपेक्षा गडद येई आणि निळा मात्र फिका पडे. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर हे रंग बरेच निराळे उमटत. फिल्म कोणती हे ठाऊक नसेल, तर करड्या छटेवरून रंग ठरवणे म्हणजे अंदाज बांधणे होय. पुस्तकांत आणि संगणकावर जुनी चित्रे रंगवून दाखविण्याची हल्ली हौस आहे. ती चित्रे पाहावयास छान असतात; पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य. आम्ही रंगाचा नाद सोडला.

रंग सांगत नव्हता ते आकाराने सांगितले. आकार ओळखण्यास फार मोठी विद्या लागत नाही. युंकर्स ५२ या वाहतुकीच्या विमानाला तीन इंजिने असत आणि त्याचे अंग आपल्या वस्तीतल्या छपरांच्या नालीदार पत्र्यासारखे असे. ते एकदा पाहिले की विसरत नाही. स्टुका म्हणजे युंकर्स ८७. त्याचे पंख समोरून पाहता आधी खाली वाकून मग वर वळलेले दिसतात आणि त्याची चाके पोटात मिटत नाहीत. मेसरश्मिट ११० ला दोन इंजिने व शेपटीला दोन उभे पंखे. श्टॉर्ख हे छोटे विमान टिटवीसारख्या लांब काटक पायांवर उभे असे. थोड्या जागेत उतरणारे म्हणून दोस्तांच्या अधिकाऱ्यांना ते इतके आवडे की, हाती लागलेली श्टॉर्ख विमाने ते स्वतःच्या फेऱ्यांसाठी वापरीत.

आमचे विमान एका इंजिनाचे, अरुंद अंतरावर चाके असलेले, चौकटीच्या कोनदार काचांचे होते. म्हणजे मेसरश्मिट १०९. जर्मनांनी हे विमान युद्धाच्या आरंभापासून शेवटपर्यंत वापरले, त्यामुळे नुसते नाव कळून काळ ठरत नाही. प्रकार ठरवावा लागतो. ‘ई’ प्रकाराच्या विमानाला शेपटीच्या आडव्या पंखाखाली तिरका आधार-दांडा असे आणि पंखांची टोके जणू कापल्यासारखी चौकोनी असत. पुढच्या ‘एफ’ प्रकारात दांडा गेला आणि टोके गोलाकार झाली. आमच्या चित्रात दांडा नाही, आणि दिसणारे एक टोक गोल आहे. म्हणून विमान ‘एफ’ किंवा त्याच्यासारखाच दिसणारा ‘जी’चा आरंभीचा प्रकार. नाकाच्या डाव्या बाजूस हवा आत घेण्याच्या तोंडावर लांबट नळकांडे बसविलेले आहे. ती वाळूची गाळणी. ती वाळवंटात उडणाऱ्या विमानांना लावीत. त्यात धडाच्या मागल्या भागाभोवती पांढरा पट्टा आहे. भूमध्य समुद्र व आफ्रिका या आघाडीवरील जर्मन विमानांची ती खूण होती. रशियाच्या आघाडीवर असाच पट्टा पिवळा असे.

या गाळणीमुळे आणखी एक शंका मिटली. जुनी चित्रे छापताना निगेटिव्ह उलटी ठेवली जाऊन डाव्याचे उजवे झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. या विमानाचे हवेचे तोंड नेहमी डावीकडेच असते. ते चित्रातही डावीकडे आहे, म्हणून चित्र सुलटे आहे. जेथे अक्षरे नसतील तेथे अशा एखाद्या वस्तूवरूनच डावे-उजवे तपासावे लागते.

आता काळाकडे वळू. जर्मन सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले ते १९४१ च्या फेब्रुवारीत. तेथे प्रथम ‘ई’ प्रकारची मेसरश्मिट आली आणि ‘एफ’ त्याच वर्षाच्या उत्तरार्धात. १३ मे १९४३ रोजी ट्युनिशियात जर्मन व इटालियन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. या दोन टोकांच्या मधला काळही सलग धरता येत नाही, कारण जर्मनांचे विमानतळ दोस्तांच्या हाती लागले ते मुख्यतः दोनदा. पहिल्यांदा १९४१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या चढाईत; डिसेंबरअखेर बेनगाझी पडले, पण जानेवारीत रोमेलने उलट मुसंडी मारून बराच मुलूख परत घेतला. दुसऱ्यांदा ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२ मधील अल् अलामीनच्या लढाईनंतर, आणि या वेळी कायमचे. दोन्ही वेळा हिवाळा होता. वाळवंटातला हिवाळा अंगाला बोचणारा असतो. तिघांच्या जाड स्वेटरांचा उलगडा येथे होतो. मात्र दोनांपैकी कोणता हिवाळा, हे स्वेटर सांगू शकत नाही.

राहिले ते तीन शब्द. पाडलेले विमान बहुधा पोटावर उतरते. त्याच्या पंख्याची पाती मागे वाकलेली असतात, पोटाखालचा पत्रा फाटलेला असतो. आमचे विमान स्वतःच्या चाकांवर ताठ उभे आहे. पाती सरळ आहेत. वरची काच नाही, इंजिनावरचे झाकण नाही, एका बाजूचा पत्रा उघडून आतले काही भाग काढून नेलेले दिसतात. हे पाडलेले विमान नव्हे. हे मागे टाकलेले विमान आहे. माघार घेताना पेट्रोल नाही, सुटे भाग नाहीत, म्हणून जर्मनांनी शेकडो विमाने धावपट्ट्यांवरच सोडली. निघण्यापूर्वी त्यांतला चांगला भाग दुसऱ्या विमानासाठी काढून घेतला.

सोडलेल्या विमानांपैकी काही तर पुन्हा उडाली. लिबियातील गंबुत येथे नोव्हेंबर १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘जी’ प्रकारचे एक मेसरश्मिट जवळजवळ धड अवस्थेत सापडले. त्यांनी त्यावर आपली अक्षरे रंगविली व ते उडविले. पुढे ते इंग्लंडात नेले गेले, अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर १९९१ साली पुन्हा आकाशात गेले आणि आता ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. अशा विमानांची चित्रे पाहणाऱ्याला चकवतात : बांधा जर्मन आणि अंगावर ब्रिटिश वर्तुळ. इंग्लंडमध्ये तर १९४१ च्या नोव्हेंबरात डक्सफर्ड येथे अशा पकडलेल्या विमानांची स्वतंत्र तुकडीच उभारली गेली. तिचे काम तळातळावर जाऊन आपल्या वैमानिकांना शत्रूचे विमान जवळून दाखविणे हे होते. काही विमाने तर न लढता आयती मिळाली. २३ जून १९४२ रोजी एक जर्मन वैमानिक झुंजीनंतर दिशा चुकला, ब्रिस्टलच्या खाडीलाच इंग्लिश खाडी समजला, आणि आपले कोरे करकरीत फोकेवुल्फ १९० वेल्समधील पेंब्री या ब्रिटिश तळावर स्वतःच उतरवून बसला.

उलट दिशेचा चकवाही आहे. इटलीची विमाने त्याच वाळवंटात होती. त्यांच्या शेपटीवर पांढरा क्रूस असे, आणि धुरकट चित्रात काळ्या-पांढऱ्याची गल्लत सहज होते. इरिट्रियातील केरेनच्या १९४१ च्या लढाईत मराठा पलटणीने मोठा पराक्रम केला, पण तेथे समोर इटालियन होते. ज्यांच्या घरी केरेनच्या काळातले मोडक्या विमानाचे चित्र असेल, त्यांनी ते जर्मन म्हणण्यापूर्वी शेपटी नीट पाहावी.

विमानाची ओळख पटल्यावर खरी अडचण उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभी राहिली. त्यापूर्वीची १११ वी महार पलटण १९१७ साली उभारून १९२१ साली मोडली गेली होती, ही जखम समाजाच्या मनात ताजी होती. नव्या पलटणींचे युद्धकाळातील काम वायव्य सरहद्द, देशांतर्गत बंदोबस्त आणि ब्रह्मदेश येथे झाले. लिबियाच्या वाळवंटात महार रेजिमेंटची पलटण गेली नव्हती. मग मेसरश्मिटपुढे उभे असलेले आजोबा महार रेजिमेंटचे कसे?

हे त्या माजी विद्यार्थ्यांना कसे सांगावे, याचा आम्ही बराच विचार केला. अखेर त्यांनाच मानखुर्दला शाळेत बोलावले आणि सर्व चित्रे मोठी करून त्यांच्यापुढे मांडली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सर, म्हणजे आजोबा खोटं बोलले का?”

आम्ही म्हटले, छायाचित्र तसे म्हणत नाही. आणि त्यांना डावीकडचा कोपरा दाखविला. तेथे एका मोटार-लॉरीचे नाक अर्धवट दिसते, आणि आजोबांच्या उजव्या हातात काठीसारखे जे काही आहे, ती काठी नाही. ते दोन ठिकाणी काटकोनात वाकविलेले लोखंड आहे : इंजिन सुरू करण्यासाठी समोरून फिरवावयाचे हँडल. उत्तर आफ्रिकेतील हिंदी सैन्यात लढणाऱ्या पलटणींखेरीज मोटार वाहतूक, रसद, मजूर आणि पायोनियर यांच्या तुकड्या मोठ्या संख्येने होत्या. पाणी, पेट्रोल व दारूगोळा आघाडीपर्यंत पोचवणारी हीच माणसे. त्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली नाहीत, आणि गावी परतल्यावर ‘कोणत्या पलटणीत होतास?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे चटकन सांगता येईल असे नाव नव्हते. महार जवान म्हटला की महार रेजिमेंट, असे घरच्यांनी पुढे धरून चालणे अगदी स्वाभाविक होते.

“आजोबा मुंबईत आल्यावर लॉरीच चालवायचे,” ते म्हणाले. “शिकले कुठं, हे कोणी कधी विचारलं नाही.”

त्याच संध्याकाळी त्यांनी गावी आत्यांना दूरध्वनी केला. आत्या आता वृद्ध आहेत. त्यांना ट्रंकेतले चांदणीसारखे पदक आठवत होते. आम्ही मुद्दाम काही सुचविले नाही, फक्त फितीचा रंग विचारला. युद्धाची ही तारा-पदके एकाच घडणीची, सहा टोकांची असत. आफ्रिकेचे कोणते आणि ब्रह्मदेशचे कोणते, हे फितीवरूनही कळते. आत्या म्हणाल्या, मातकट फीत, मधोमध तांबडा पट्टा. आफ्रिका स्टारची फीत फिकट वाळूच्या रंगाची असते, मध्ये रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही अंगांस निळ्या रंगाच्या बारीक रेघा. ब्रह्मदेशच्या पदकाची फीत तशी नसते. आठवण हा काही कागदोपत्री पुरावा नव्हे, पण विमान जे सांगत होते त्याच्याशी ती जुळली. पदक स्वतः पाहण्याची सोय उरलेली नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात ती ट्रंक पाण्याखाली गेली. छायाचित्र वाचले, कारण ते भिंतीवर उंच टांगलेले होते.

या निमित्ताने पालकांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या परिसरातील कितीतरी कुटुंबे झोपडी तुटल्यावर, पुनर्वसनात, पुरात एकदा नव्हे तर दोनदा-तीनदा हलली आहेत, आणि प्रत्येक वेळी कागद आधी गेले आहेत. ज्यांच्याकडे असे एखादे चित्र उरले असेल, त्यांनी ते लॅमिनेट करू नये; पुन्हा सोडवता येत नाही. कडा छाटू नयेत, कारण लॉरीचे नाक कडेलाच असते. पाठीवर बॉलपेनने लिहू नये. ६०० डीपीआयवर स्कॅन करावे, आणि पुढच्या बाजूइतकीच मागची बाजूही करावी : स्टुडिओचा शिक्का, सेन्सॉरची खूण, पेन्सिलीची अक्षरे तेथे असतात. मग तुलनेसाठी लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमचे आणि जर्मन संघीय अभिलेखागाराचे संग्रह पाहावेत. दोहोंतील हजारो युद्धकालीन छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात.

आजोबांच्या सेवेची नोंद मिळावी म्हणून माजी विद्यार्थ्यांनी अर्ज तयार केला आहे. पूर्वी तो महार रेजिमेंटच्या सागर येथील केंद्राकडे जाणार होता. आता तो लष्कराच्या रसद व वाहतूक खात्याच्या अभिलेख कार्यालयाकडे जाईल. सेवा क्रमांक ठाऊक नाही, म्हणून अर्जाबरोबर छायाचित्राची प्रत, गावाचे व तालुक्याचे नाव आणि भरतीचे अंदाजे वर्ष जोडले आहे.

स्मरणिकेतील चित्राखाली काय छापावे, याचा मसुदा त्यांनी आमच्याबरोबर बसून केला. तो असा : ‘उत्तर आफ्रिका, हिवाळा १९४१-४२ किंवा १९४२-४३. जर्मनांनी सोडून दिलेले मेसरश्मिट १०९, एफ किंवा आरंभीचा जी प्रकार. मध्यभागी, हातात लॉरीचे हँडल घेतलेले, आमचे आजोबा.’ चित्राची मागची बाजूही शेजारीच छापावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि आम्ही तो आनंदाने मानला. पेन्सिलीचे ते तीन शब्द अक्षरावरून आजोबांचे नाहीत, असे आत्या म्हणतात. कोणाचे आहेत, हे त्यांनी दिवाळीला गावी गेल्यावर जुन्या वह्यांशी ताडून पाहावयाचे ठरविले आहे.